मागच्या चाकांत जीव

आणि वर मलाच विचारायचे, "काय मग, झाली का गाडी दुरुस्त?" दुरुस्त! तुम्हाला सांगतो, हा शब्द ऐकला ना की माझं डोकंच फिरतं... अहो, बिघडली होती कधी ती? माझ्या जन्माआधीची गाडी, बाबांनी घेतलेली, पावसात सुरू होते, थंडीत सुरू होते, शेजाऱ्यांची नवी कोरी गाडी सकाळी अंगणात खोकत बसलेली असते तेव्हा ही आपली एका चावीत कामाला लागलेली, आणि तिला म्हणे दुरुस्त! शेजारी विचारायचे, दूधवाला विचारायचा, आमची बायको तोंडानं विचारायची नाही, नुसती अंगणातल्या त्या उघड्या सांगाड्याकडे बघायची आणि आत जायची, ते तर विचारण्यापेक्षा वाईट! आणि आई... आई रोज सकाळी खिडकीतून, "अरे, झाली का रे दुरुस्त?" आणि मी रोज गाडीखालून, तोंडात स्क्रू धरून, "आई, दुरुस्त नाही गं! रूपांतर! रूपांतर चाललंय!" आणि ती, "बरं बरं. मग झाली की सांग."

आता रूपांतर म्हणजे काय, तर ऐका. तुम्ही गाडीत बसता, दार लावता, निघता. खाली चार चाकं आहेत, चारही फिरतात, म्हणजे चारही काम करत असणार असं तुम्हाला वाटतं की नाही? मलाही वाटायचं. साफ चूक! आमच्या गाडीत इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, ताकद जाते ती फक्त पुढच्या दोन चाकांना. पुढची दोन गाडी ओढतात. आणि मागची? मागची चाकं नुसती येतात! दिसायला अगदी तशीच, हवा तेवढीच खातात, पंक्चर तर त्यांनाच जास्त, पण काम? काही नाही. नुसती येतात! आमच्या ऑफिसात असे निम्मे आहेत. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढतो मी, तिथे निम्मे ओढतात आणि निम्मे नुसते येतात... मी कुठल्या निम्म्यात ते सोडा.

सपाट रस्त्यावर कुणाला काही कळत नाही हो. कळतं ते चढावर. आणि चढ आमच्या गावाच्या मागेच आहे, टेकडी. वर काय आहे म्हणाल तर काही नाही, सपाट माळ, एक दगडी बाक आणि वारा. पण लहानपणी आम्हाला ते काही नाहीच हवं असायचं! सुट्टीच्या दिवशी बाबा गाडी काढणार, पुढे आई, मागे दोन बहिणी दोन खिडक्यांना आणि मी मधे, पाण्याची बाटली, डबा, चटई, आणि निघाले टेकडीवर. कच्चा रस्ता, सगळा खडीचा. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, गाडी गुरगुरतेय, बाबांचे ओठ आत गेलेत, आई दाराची कडी धरून बसलीय, आणि मग यायचं ते शेवटचं वळण... आणि तिथे, नेमकं तिथे, पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागायची. चर्रर्र... खडी उडतेय, रबराचा वास सुटलाय, गाडी इंचभर पुढे जात नाही. कारण काय? चढावर सगळं वजन जातं मागे, पुढची चाकं होतात हलकी, आणि हलकी चाकं ओढणार काय, कपाळ? आणि वजन पडलेलं सगळं मागच्यांवर, की जी नुसती येतात!

मग बाबा काय करायचे, गाडी बंद करायचे, हँडब्रेक ओढायचे, डॅशबोर्डवर दोनदा थोपटायचे, म्हातारं माणूस दमलं की आपण पाठीवर थोपटतो ना, तसं, आणि म्हणायचे, "मागच्या चाकांत जीव हवा होता." बस. एवढंच. रागावणं नाही, काही नाही. मग त्या वळणावरच चटई पसरायची, डबा खायचा आणि खाली यायचं. वर चालत जायला कितीसं लागलं असतं हो? पण बाबांचा हट्ट, जायचं तर गाडीनं. "पुढच्या वेळी जाऊ," म्हणायचे. आम्ही मोठे झालो, बहिणी लग्न होऊन गेल्या, पुढची वेळ काही आली नाही, आणि मग एक दिवस बाबाच गेले.

गाडी राहिली. आईनं ती कुणाला हात लावू दिली नाही. रोज सकाळी स्वतः फडक्यानं पुसायची... पण चालवायचो मीच, भाजी आणायला, औषधं आणायला. आणि एक दिवस, काही कारण नाही हो, आम्ही दवाखान्यातून येत होतो, तिचे गुडघे दाखवायला नेलं होतं, सिग्नलला थांबलो होतो, आणि ती समोर बघत म्हणाली, "एकदा वर जायचंय रे."

मी म्हटलं, वर? मला आधी भलतंच वाटलं... तर म्हणे टेकडीवर! म्हटलं हात्तिच्या! बायकोच्या भावाकडे जीप आहे, रविवारी सांगतो त्याला, नेऊन आणेल. तर आई म्हणाली, "जीप नको. ह्याच गाडीतून."

तुम्हाला सांगतो, त्या "ह्याच गाडीतून"नं माझं वाटोळं केलं. मी रात्रभर कूस बदलत राहिलो. म्हटलं, बघा, बाबा नेतो नेतो म्हणत राहिले, नेऊ शकले नाहीत, ही बिचारी इतकी वर्षं मनात धरून बसली, तोंडातून एक शब्द काढला नाही, आता गुडघे गेले तेव्हा सांगतेय! आणि डोळ्यासमोर एकच, बाबांचा तो हात, डॅशबोर्डवर थोपटणारा. मागच्या चाकांत जीव हवा होता. ठरलं! मागच्या चाकांत जीव घालायचा!

सकाळी मिस्त्रीला गाठला. आमचा मिस्त्री म्हणजे काय सांगू, त्याला गल्लीत सगळे "होऊनजाईल" म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. त्याला म्हटलं, "ही पुढून ओढणारी गाडी आहे, हिची चारही चाकं ओढती करायचीत." कुणीही शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, साहेब, घरी जा, झोप काढा. हा म्हणाला, "होऊन जाईल!" "कसं?" "होऊन जाईल हो!" "कधीपर्यंत?" "साहेब, एकदा हात घातला की होऊन जाईल." आणि हात कुठे घातला, तर थेट कटरला! मागची सीट बाहेर, पत्रा कापला, मधोमध हे एवढं लांब भोक, पेट्रोलची टाकी सुटी, सायलेन्सर सुटा, मागची चाकं सुटी, गाडी विटांवर. संध्याकाळी अंगणात तिचा नुसता सांगाडा. आणि मग हातातला कटर बंद करून मला विचारतो, "साहेब, सामान आणलंय ना?"

सामान! म्हणजे बघा, ह्याच कंपनीनं ह्याच गाडीचा चारही चाकांनी ओढणारा एक प्रकार काढला होता, थोडे दिवस, थोड्याच गाड्या, डोंगरातल्या टपालवाल्यांसाठी. त्या डोंगरात गेल्या, आणि डोंगरातच संपल्या. त्यातले तीन भाग हवे होते. गिअरबॉक्सच्या पाठीला बसते ती पेटी, ताकद वाटून देणारी. तिथून मागे जाणारा लांब शाफ्ट. आणि मागच्या दोन चाकांच्या मधे बसतो तो डिफरन्शियल, टरबुजाएवढा लोखंडी गोळा. दुकानात विचारलं तर दुकानदार माझ्याकडे असा बघायचा की मी त्याच्या आजोबांना भेटायला आलोय, आणि आजोबा कधीच गेलेत.

डिफरन्शियल मिळाला एका भंगारवाल्याच्या छपरावर. हो, छपरावर! पत्रा उडू नये म्हणून वर ठेवला होता. म्हटलं, "द्या." तो म्हणाला, "आणि पत्रा?" "दगड ठेवा की!" "दगड घरंगळतो. हा बसून राहतो." बरोबर आहे, मागच्या चाकांचाच भाग तो, बसून राहणारच! शेवटी मी, पाणीपुरवठ्याचा मी, वाळूच्या गोण्या खांद्यावर घेऊन शिडीनं छपरावर चढलो, तेव्हा कुठे तो खाली आला.

शाफ्टची तर कथाच वेगळी. शाफ्ट सापडला पैलवानाच्या व्यायामशाळेत. दोन टोकांना सिमेंटचे गोळे ओतलेले, आणि पोरं तो उचलतायत, हूं हूं करत! पैलवान म्हणाला, "ह्या दांड्यावर माझी तीन पिढ्यांची पोरं तयार झालीत. असा नाही द्यायचा. उचललास, तर तुझा." मी म्हटलं, अहो, मी नकाशे काढतो... "उचललास तर तुझा!" वाकलो. धरला. हूं केलं. दांडा हलला नाही, माझ्या कमरेत मात्र काहीतरी हललं! सगळी व्यायामशाळा हसतेय. आणि बायको दारात उभी, आम्हाला तिच्या बहिणीकडे जायचं होतं ना, वाटेत पाच मिनिटं म्हणून थांबवली होती. ती आली, पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला, गॅसचा सिलिंडर उचलतो तसा दांडा उचलला, पैलवानाकडे बघितलं आणि म्हणाली, "कुठे ठेवू? आम्हाला उशीर होतोय." तुम्हाला सांगतो, त्या माणसानं गोळे स्वतः फोडून दिले. आणि बायको वाटेत एवढंच बोलली, "अहो, ह्याच्यात तुमची आई खरंच बसणार आहे का हो?" म्हटलं, तिच्यासाठीच चाललंय सगळं. "मग तिला एकदा विचारा तरी." आता विचारायचं काय त्यात! ह्याच गाडीतून वर जायचंय म्हणाली, आणखी काय विचारायचं?

राहिली पेटी. पेटी कुठेच मिळेना हो. भंगाराचे बाजार पालथे घातले, फोन केले, एकानं पाठवली ती ट्रॅक्टरची निघाली. आणि मग कळलं की दोन गावं पलीकडे एक काका आहेत, त्यांच्याकडे अख्खी गाडी आहे तशी, टपालवाली! गेलो. गॅरेजचं दार उघडं, आत गाडी, गाडीत काका. चालवत नव्हते, नुसते बसले होते, स्टिअरिंगवर हात ठेवून. मी पाया पडलो, पेटीचं बोललो. ते म्हणाले, "या, बसा." मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो. त्यांनी सगळं सांगितलं, डोंगरातले रस्ते, बर्फ, टपालाच्या पिशव्या, कुठल्या वळणावर कोण वाट बघत उभं असायचं ते... संध्याकाळ झाली. "पेटीचं काय, काका?" "या पुन्हा." पुन्हा गेलो. पुन्हा बसलो. पुन्हा तेच डोंगर, तोच बर्फ, तेच लोक वाट बघणारे. "पेटीचं?" "या पुन्हा." मी किती वेळा गेलो ते देव जाणे! आणि गंमत सांगू? मला पेटीचं विचारावंसंच वाटेना. बाबा असते तर एवढ्याच वयाचे असते हो. असेच बसले असते, स्टिअरिंगवर हात ठेवून, आणि मी बाजूला.

मग एक दिवस त्यांचाच फोन आला. मुलगी येऊन घेऊन चालली होती त्यांना, तिच्या शहरात, सहाव्या मजल्यावर. गाडी काही सहाव्या मजल्यावर जात नाही. म्हणाले, "पेटी काढून ने. बाकी कुणी काही नेवो, पेटी तू ने. आणि चालू झाली की मला आवाज ऐकव." मी हो म्हटलं.

तर सामान जमलं. आता तरी व्हायला पाहिजे की नाही? छे! डिफरन्शियल बसेना. पेट्रोलची टाकी आड येते. इकडून लावून बघितला, तिकडून लावून बघितला, मिस्त्रीनं मोजलं, मी मोजलं, नकाशे काढणारा माणूस मी, मी तर कागदावर आकृतीसुद्धा काढली. आणि मग मिस्त्रीनं तो उलटा केला, वरचं खाली, खालचं वर. खट्! अंगठीसारखा बसला! आम्ही दोघांनी टाळ्या दिल्या, चहा प्यायलो, सगळे बोल्ट आवळले, रंग मारला, सीट चढवली. शेजारी आले, दूधवाला थांबला. मी बसलो, चावी फिरवली, पहिला गिअर टाकला, मधला नवा खटका पुढे केला, म्हणजे आता मागच्या चाकांना ताकद, आणि क्लच सोडला...

गाडी ओरडतेय! अंग घुसळतेय! पण जात कुठेच नाही! मिस्त्री खाली वाकून बघतो तर काय, पुढची चाकं पुढे फिरतायत आणि मागची, मागे! उलटा बसवलेला डिफरन्शियल चाकंही उलटीच फिरवणार, हे आम्हा दोघांनाही चहा पिताना सुचलं नव्हतं! इतकी वर्षं नुसती येत होती, बरी होती हो, आता काम दिलं तर विरोधात गेली! अंगणात चार खड्डे. बायको दारात आली, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अगंबाई, गाडीतसुद्धा नवरा-बायको घातलेत की काय?" आणि वरून खिडकीतून, "अरे, झाली का रे दुरुस्त?" मी मिस्त्रीकडे बघितलं. तो अंगावरची माती झटकत म्हणाला, "होऊन जाईल."

आणि झालं हो! टाकी उचलून डिकीत नेली, डिफरन्शियल सरळ बसवला, आणि एका रविवारी सकाळी चारही चाकं एका दिशेला फिरली. मी आधी काय केलं असेल? काकांना फोन लावला. फोन पेटीजवळ धरला. ती पेटी एक बारीक सूर धरते, वूंऽऽ असा. तिकडे काकांनी ऐकलं. मग म्हणाले, "हां. तीच." आणि फोन ठेवेचनात. मीही ठेवला नाही. इंजिन चालू ठेवून मी अंगणात उकिडवा बसलो होतो आणि ते सहाव्या मजल्यावर.

मग आईला म्हटलं, "चल." तिनं चांगली साडी नेसली. केसांना तेल लावलं. पुढे बसली, तिच्या जागेवर. मागे बायको. निघालो... आता एक सांगायचं राहिलं, गाडी मला येते, पण उलटी घेता येत नाही. म्हणजे येतच नाही. फाटकाच्या दोन्ही खांबांना आमच्या गाडीचा रंग लागलेला आहे. रोज बायको रस्त्यात उभी राहून ओरडते, "येऊ द्या... येऊ द्या... अहो, किती येऊ द्या!" तेव्हा कुठे मी बाहेर. पण टेकडीवर काय, सरळ जायचं!

पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी गुरगुरतेय. माझे ओठ आत गेले, बाबांसारखे, माझं मलाच कळलं. आणि आलं ते शेवटचं वळण. खटका पुढे केला. पेटी गायला लागली, क्षणभर पुढची चाकं चर्र झाली, आणि मागून... काय सांगू तुम्हाला, मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी गाडी उचलली गेली, आणि वळण मागे पडलं! पडलं! मी ओरडलो, "बाबा, गेली!" मोठ्यानं ओरडलो, मला लाज नाही त्याची. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वर माळावर आणून गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि आईकडे बघितलं.

आई समोर बघत होती. समोर काय, नुसता माळ आणि बाक. मी वाट बघतोय की ही रडेल, हसेल, मला जवळ घेईल, निदान शाबास तरी म्हणेल... ती म्हणाली, "एवढ्यात आलो?"

मी म्हटलं, "आई! आपण वर आलोय! बाबांना कधी जमलं नाही, ते..." "जमलं नाही?" ती माझ्याकडे वळली. "अरे, आम्ही कितीदा तरी आलोय इथे. तुम्ही शाळेत गेलात की यायचो. दर आठवड्याला यायचो." ह्याच गाडीतून? "मग काय विमानातून?" मागची चाकं नुसती येणाऱ्या ह्याच गाडीतून? कसं शक्य आहे! तर आई अगदी सहज, भाजीला मीठ किती घालायचं ते सांगावं तसं म्हणाली, "उलटी. उलटी घालायचे ते. खालून उलटी घेतली की चढते. जड बाजू ओढत्या चाकांवर येते ना."

उलटी! सगळं वजन खालच्या चाकांवर, म्हणजे पुढच्या, म्हणजे ओढणाऱ्या! एवढं साधं! मी मागे बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, खांदे हलत होते तिचे. मी म्हटलं, "आई, मग इतके दिवस मी अंगणात गाडी कापून बसलो, एका शब्दानं बोलली नाहीस?" "अरे, तू गाडी उघडून बसलास, मला वाटलं बिघडली. मी रोज विचारत नव्हते का, झाली का दुरुस्त म्हणून?"

"आणि आमच्या वेळी? आम्ही मुलं असताना? तेव्हा का नाही घेतली उलटी? त्या वळणावर चटई पसरून बसायचो आपण!" आई हसली. म्हणाली, "तुझं डोकं मधे यायचं."

माझं डोकं!

"तू मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभा. तोंड मागच्या काचेला. किती सांगितलं, खाली बस, खाली बस, बसवला की भोकाड पसरायचास. मग त्यांना मागचं काही दिसायचं नाही. ते म्हणायचे, राहू दे, बघू दे त्याला."

बघा म्हणजे! गाडीत काहीच कमी नव्हतं. माझं डोकं तेवढं जास्त होतं! आणि "मागच्या चाकांत जीव" हे ते मला म्हणत होते की गाडीला, की आईकडे बघून गंमत करत होते, आता कुणाला विचारू? आणि मी काय बघायचो त्या काचेतून? मला लख्ख आठवतं हो. गाव. खाली खाली जाणारं गाव. घरं लहान होत जायची, रस्ता दोरीएवढा व्हायचा, मधे आमच्या गाडीची धूळ, आणि मला वाटायचं हे सगळं माझ्याकडून कुणीतरी हळूहळू काढून नेतंय, म्हणून मी डोळा हलवायचो नाही.

आईला हे सांगितलं, तर तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मलाही तेच दिसायचं. उलटी चढताना समोरच्या काचेत सगळं गाव असायचं. आणि ते मागे वळलेले, एक हात माझ्या सीटच्या पाठीवर, तोंड माझ्याकडे. गाडी हळू चालायची. घरी पाच माणसांत कुठे एवढा वेळ मिळतो बघायला?" पुढे म्हणाली, "सरळ येताना काय, नुसती खडी दिसली."

आणि मग म्हणाली ते, ज्याची मला भीती वाटत होती. "एकदा उलटी घे ना."

मी! फाटकाच्या खांबांना विचारा माझी उलटी! पण आईचं तोंड बघितलं... काय करता? गेलो खाली, त्या वळणाच्याही खाली. बायको आपली आपण उतरली, म्हणाली, "नको, काच मोकळी राहू दे," आणि वळणावर जाऊन उभी राहिली. मी खटका पुढे केला, तर आई म्हणाली, "ते नवीन काय घातलंस ते बंद कर, त्याचा आवाज होतो." केलं बंद! तो काकांचा सूर, तो पैलवानाचा दांडा, ते छपरावरचं लोखंड, सगळं बंद! मान वळवली. मागची काच मोकळी. लख्ख मोकळी. तिच्यात कुणाचंही डोकं नाही, आणि माझ्या तोंडात आलं होतं, खाली बस रे... कुणाला म्हणणार? आई म्हणाली, "हात इथे ठेव." ठेवला, तिच्या सीटच्या पाठीवर. वरून बायको, "येऊ द्या... येऊ द्या..." गाडी एकदाही घसरली नाही. आई समोर बघत होती. मी मागे बघायचं सोडून मधूनमधून तिच्याकडेच बघत होतो, आणि मला बाबांचा हट्ट कळला. एकदा खड्ड्यात चाक गेलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना ओरडायला कुणी लागायचं नाही." पण म्हणाली ती गावाकडे बघतच.

आता दर रविवारी हेच. मान धरलीय, डॉक्टर म्हणतात गाडी चालवू नका, मी म्हणतो, चालवत कुठे असतो, आणतो नुसती मागे. परवा मिस्त्री भेटला. छाती पुढे काढून विचारतो, "काय साहेब, मागची चाकं काय म्हणतायत?"

त्याला काय सांगायचं, तुम्हीच सांगा. दर रविवारी सगळ्यांत आधी वर पोचतात ती. म्हटलं, "बरी आहेत. नुसती येतात."